आप्पांचं ऊन

मी आयुष्यात एक चोरी केली आहे, आणि ती उन्हाची. ऊन चोरता येतं हे फारसं कुणाला ठाऊक नसेल, म्हणून सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. ज्यांचं ऊन मी चोरलं ते आप्पा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. अख्ख्या निजामाच्या राज्यात सूर्याची चूक काढायचा अधिकार असलेला हा एकच माणूस होता, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. लोक जमादाराला भीत, जमादार अंमलदाराला भीत असे, अंमलदार हैदराबादला भीत असे. आप्पा मात्र रोज सकाळी अंगणात उभे राहून सूर्याकडे असे बघत, की जणू कामावर उशिरा आलेला हमाल समोर उभा आहे. "आज लय पिवळा आलाय," असं म्हणून मान हलवत, आणि मग तोंड धुवायला जात.

आप्पा गंगाखेडच्या जिनिंगमध्ये कापसाचे पारखी होते. गाड्या आल्या की मूठभर कापूस डाव्या तळहातावर घ्यायचा आणि तो किती पांढरा, किती लांब धाग्याचा, ओला की सुका हे सांगायचं, एवढंच त्यांचं काम. आम्ही लिंगायत वाणी. रोज आंघोळीनंतर आप्पा गळ्यातलं इष्टलिंग त्याच डाव्या तळहातावर ठेवून पूजा करत. त्यामुळे त्या तळहातावर ठेवलेल्या वस्तूविषयी खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. जिनिंगच्या उत्तरेला एक लांब पडवी होती. कापूस पाहायचा तो तिथेच, असा त्यांचा नेम. भर उन्हात धरला तर सगळाच कापूस पांढरा, घरात धरला तर सगळाच मळका. खरा कळतो तो उत्तरेच्या उजेडात, कारण तिथे सूर्य स्वतः येत नाही, नुसता निरोप पाठवतो. दुपारी बारा ते दोन आप्पा कापसाला हातही लावत नसत. एकदा मुंबईहून मोठा खरेदीदार आला तो नेमका साडेबाराला. मालक हात जोडून धावपळ करायला लागले. आप्पा पडवीत भिंतीला टेकून बसलेले. "शेट, आता ऊन आंधळं हाय," ते म्हणाले, "ह्या उजेडात कावळा बी पांढरा दिसंल. जेवून घ्या." शेटजी रागावले, मग जेवले, मग झोपले, आणि तीन वाजता उठून त्यांनी आप्पांनी सांगितलेल्या भावात सगळा कापूस उचलला.

उन्हाला त्यांनी नावं दिली होती. उजाडल्याबरोबर येतं ते कच्चं ऊन. नऊच्या सुमाराचं बोलकं. दुपारचं आंधळं. पाऊस उघडल्यावरचं धुतलेलं. दिवस मावळताना येतं ते लबाड, कारण त्या उन्हात जमादाराचं तोंडसुद्धा प्रेमळ दिसतं. आणि ह्या सगळ्यांच्या वर एक होतं, ते कापसाचं ऊन. हे हिवाळ्यात पाचसहा वेळा फार तर यायचं, नदीकाठी, धुकं विरत आलं की. उजेड तेव्हा सगळीकडून येतो आणि सावली कुठेच पडत नाही. "त्या उन्हात मानसाला काई लपवता येत न्हाई," आप्पा म्हणत. ते थोडाच वेळ टिकतं, म्हणून ते आलं की आप्पा पुढ्यातलं ताट सोडून उठत आणि नुसते उभे राहून बघत. त्यांच्या भाकरीवर मग मांजराचा हक्क असे.

माझ्या बहिणीला, अक्काला, बघायला आप्पा सोनपेठला आमच्या घरी आले तो दिवस मी विसरणार नाही. आईने अक्काला उगवतीच्या खिडकीपाशी बसवलं होतं, कोवळं ऊन बरोबर गालावर पडेल अशा बेताने. हा बेत तिने आठ दिवस आधी चटई सरकवून सरकवून ठरवला होता. आप्पा आले, बसले, गूळपाणी घेतलं, आणि म्हणाले, "ह्या खिडकीत बसवलं तर माझी म्हातारी बी सोन्याची दिसंल. पोरीला वसरीत आणा." आईचं तोंड उतरलं. अक्का उत्तरेच्या ओसरीत येऊन उभी राहिली. आप्पांनी एकदाच पाहिलं. "हां. आता दिसली. माल खरा हाय."

वडील ताडकन उठले. "माल? अवो, पोरगी हाय ती माझी!"

"म्हणून तर वसरीत बगितली," आप्पा शांतपणे म्हणाले. "खोट असलेलं मानूस खिडकी सोडत न्हाई."

लग्न ठरलं. अक्का पुढे आयुष्यभर हे अभिमानाने सांगत असे. शेजारच्या सुनांना कुणी रूप पाहून, कुणी घराणं पाहून पसंत केलं होतं; उत्तरेच्या उजेडात पास झालेली सून गल्लीत ती एकटीच.

तिच्या घरी एक फोटो होता, तोही ह्याच स्वभावाचा. परभणीहून फोटोग्राफर बोलावला होता. तो सकाळी आठला आला. आप्पांनी सगळ्या घराला नवीन कपडे घालून अंगणात बसवलं आणि ऊन पसंत पडेपर्यंत कुणाला उठू दिलं नाही. ऊन पसंत पडलं चार वाजता. त्या फोटोत घरातली अकरा माणसं एकाच वेळी चिडलेली दिसतात, पण प्रत्येकाच्या कपाळावरच्या भस्माच्या रेघा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ आल्या आहेत.

ढगांचं भाकीतही ते करत. लोक कानात अत्तराचा फाया ठेवतात, आप्पांच्या कानात सरकी काढलेल्या कापसाचं एक कोरडं बोंडूक असे. तेच त्यांचं यंत्र. ते काढायचे, दोन बोटांत चुरायचे आणि सोडून द्यायचे. बोटाला चिकटलं तर हवेत ओल आहे, ढग येणार. सरळ खाली पडलं तर निरभ्र. तरंगत पडलं तर धुकं. शिवाय नदीकाठच्या एका धनगराची मेंढरं काय करतायत हे ते रोज विचारून घेत. गल्लीतल्या बायका कुरडया घालायच्या आधी त्यांना विचारत, आणि त्यांनी "नगं" म्हटलं की भिजवलेला गहूसुद्धा तसाच राही.

आता माझ्याकडे येतो. मी शाळेत फार चमकलो नाही. घरातून बाहेर पडलो आणि फिरत फिरत पुण्याकडच्या एका चित्रपट कंपनीत कॅमेरावाल्याचा तिसरा मदतनीस झालो. तिसऱ्या मदतनिसाचं काम काय, तर बाहेर चित्रण असेल तेव्हा एक काळी काच डोळ्याला लावून सूर्याकडे बघत बसायचं, आणि ढग आला की "आला" आणि गेला की "गेला" असं ओरडायचं. ह्या दोन शब्दांवर मी चार वर्षं पोट भरलं. अशात आमच्या दिग्दर्शकसाहेबांना एका चित्रपटासाठी मोठ्या नदीचं वाळवंट हवं होतं. राज्य सोडून निघालेली राणी वाळूतून एकटी चालत जाते, एकदाच मागे वळून बघते आणि पुन्हा चालू लागते, असं दृश्य. बोलणं नाही, गाणं नाही. सगळा चित्रपट त्या एका वळून बघण्यावर उभा होता. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, आमच्या गंगाखेडला या. गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, वाळवंट नजर पोचणार नाही एवढं आहे, आणि पौषात ढग औषधालाही सापडत नाही." नोकरीत मी उच्चारलेलं हे पहिलं मोठं वाक्य. साहेबांनी ते मनावर घेतलं.

आम्ही गंगाखेडला उतरलो. नदीवर कॅमेरा लावायला सरकारी परवानगी लागत होती. जमादार परवान्याचा कागद उलटसुलट करत म्हणाला, "देखो जी, तीन दिन बोले तो तीनच दिन. चौथे दिन कॅमेरा दिखा तो कॅमेरे को हवालात में डालता मैं." तीन दिवस पुष्कळ झाले, असं आम्ही समजलो.

पहिल्या दिवशी लखलखीत ऊन होतं. आमचे कॅमेरावाले साहेब खूश. त्यांचा उन्हाचा हिशेब सोपा होता : जितकं जास्त तितकं चांगलं. बारा वाजता त्यांनी राणीला वाळूत उभं केलं आणि चांदीचा कागद लावलेल्या दोन मोठ्या फळ्या धरून उरलासुरला उजेडही तिच्या तोंडावर मारला. राणी झालेल्या बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पण राज्य गेल्याचं दुःख त्यात नव्हतं. डोळ्यात कुसळ गेलेल्या माणसासारखं ते दिसत होतं. पाच वेळा चित्रण झालं. पाचव्या वेळी मागून, घाटाच्या पायरीवरून, मोठ्याने आवाज आला, "हे ऊन आंधळं हाय! ह्यात राणी बी कळंना अन् वाळू बी कळंना!"

आप्पा होते. जिनिंगला दुपारची सुट्टी काढून खास आले होते, आणि कानातला कापूस काढून हवेत सोडून बघत होते. कॅमेरावाले साहेब लाल झाले. "कोण आहे हा म्हातारा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण गंगाखेडला मी 'आमचं' म्हटलं होतं. मी म्हणालो, "असेच... गावातले कुणीतरी."

ही चोरीच्या आधीची चूक. जोडून सांगतो, कारण ह्या चुकीशिवाय ती चोरी झाली नसती. आप्पांनी ते ऐकलं. त्यांनी पटका सारखा केला, आणि गावातल्या कुणीतरी माणसाने जावं तसे पायऱ्या चढून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ढग आले. पौषात, गंगाखेडला, ढग! मी काच लावून बसलो होतो, पण ओरडायला काही नव्हतं. "आला" म्हणून एकदा ओरडलो ते संध्याकाळपर्यंत पुरलं. बाई छत्रीखाली, कॅमेरा कापडाखाली, दिग्दर्शकसाहेब येरझाऱ्या घालत. संध्याकाळी ते माझ्यासमोर थांबले आणि फार शांतपणे म्हणाले, "उद्या शेवटचा दिवस. उद्या चित्र मिळालं नाही तर आम्ही जातो. तू इथेच राहा. तुझंच गाव आहे."

दिवेलागणीला मी अक्काच्या दारात उभा होतो. आप्पा ओसरीत बसले होते. कालचं माझं वाक्य त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर त्याची खूण नव्हती. "या पाव्हणं," ते म्हणाले. "असं तोंड कामून केलंय? जेवला का?"

"आप्पा, उद्या ऊन पडेल का?"

त्यांनी कानातला कापूस काढला, चुरला आणि सोडला. तो खाली पडायला तयार होईना. ओसरीच्या कडेपर्यंत तरंगत गेला. आप्पांचे डोळे असे चमकले, की मला दिवा मोठा केल्याचा भास झाला. "उद्या सकाळी लय धुकं येनार. तुमची मानसं म्हनतील दिस बुडाला. बुडायचा न्हाई. धुकं इराया लागलं की कापसाचं ऊन येतंय. खालनं वाळू उजेड टाकती, वरनं धुकं. तवा त्या बाईला चालवा, तोंड उत्तरंकडं ठेवा. त्या चांदीच्या फळ्या तेवढ्या घरी ठेवा."

"पण ते आलं हे मला कसं कळणार?"

"तुमाला न्हाई कळायचं," ते अगदी मायेने म्हणाले. "मी येतो. मी उपरनं वर केलं की तुमी वरडा."

अक्काने आतून विचारलं, "मामंजी, अन् उद्या जिनिंग?"

"जिनिंगला सांग, पारखी आजारी हाय. पन्नास वर्साचा असून एकदा बी आजारी पडलो न्हाई, माझा बी हक्क हाय की."

तिसऱ्या दिवशी सकाळी नदी नाहीशी झाली होती. घाटाच्या पाच पायऱ्या दिसत, त्यापुढे कुणी पिंजलेला कापूस ठासून भरल्यासारखं. कॅमेरावाले साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "पेट्या भरा." मी पुढे झालो. "साहेब, थांबा. बाईंना उभं करा. ऊन येईल, आणि ह्याच्यापेक्षा चांगलं ऊन तुम्ही पाहिलं नसेल."

"कशावरून?" दिग्दर्शकसाहेबांनी विचारलं.

आप्पा आमच्या मागे दहा पावलांवर, वरच्या पायरीवर उभे होते. त्यांच्या शेजारी तो धनगर, खांद्यावर घोंगडी. मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "अनुभवावरून."

साहेबांनी जुगार खेळायचं ठरवलं. बाई वाळूत अनवाणी उभ्या राहिल्या, तोंड उत्तरेकडे. कॅमेरा लागला. आणि मी माझ्या ठरलेल्या जागी बसून काळी काच उजव्या डोळ्याला लावली. काचेत काहीच नव्हतं, धुक्यात सूर्य कुठला दिसणार? पण डावा डोळा उघडा होता आणि तो मागे, पायरीवर होता. असा वाकडा होऊन मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक, मान आखडली. मागे धनगराचा आवाज हळूच येत होता. "गार धुक्यात मेंढरू पान्याकडं जात न्हाई, आप्पा. ऊब लागली की आपसूक उतरतंय." "अजून उतरंना की रं." "लागलंय, लागलंय. म्होरलं मेंढरू कान हलवाया लागलंय बगा."

मग धुकं पातळ झालं. पातळ झालं म्हणजे काय झालं ते मला सांगता येत नाही. वाळू उजळली, पाणी उजळलं, बाईंचा चेहरा आतून दिवा लावल्यासारखा झाला, आणि कुठेच, कशाचीच सावली नव्हती. तरी आप्पा थांबले होते. त्यांनी कापूस सोडला. तो सरळ खाली पडला. उपरणं वर गेलं.

"आता!" मी ओरडलो.

बाई चालायला लागल्या. डोळे मिटायचं कारण नव्हतं, ते पूर्ण उघडे होते. दहा पावलं, वीस पावलं. त्या थांबल्या आणि मागे वळून बघितलं. त्या उन्हात माणसाला काही लपवता येत नाही हे आप्पांचं म्हणणं मला तेव्हा पटलं. त्या बाईंच्या तोंडावर एक अख्खं राज्य गेलेलं दिसत होतं. एवढ्यात डावीकडून मेंढरं आली. शे-दीडशे मेंढरं, पाण्याला निघालेली. कॅमेरावाले साहेबांचा हात थांबायला निघाला, तो दिग्दर्शकसाहेबांनी घट्ट धरला. मेंढरं राणीपाशी दुभंगली, दोन्ही बाजूंनी वाहत गेली आणि तिच्या मागे पुन्हा एक झाली. प्रजेने सोडलेल्या राणीला मेंढरं पोचवायला आली होती. बाई वळल्या आणि त्यांच्यामधून चालत गेल्या. मग धुकं विरलं, वाळूत सावल्या पडल्या आणि सगळं पुन्हा रोजच्यासारखं झालं.

दिग्दर्शकसाहेब रडत होते. कॅमेरावाल्यांनी टोपी काढून वाळूत आपटली. सगळी माणसं ओरडत होती. दिग्दर्शकसाहेबांनी मला मिठी मारली आणि विचारलं, "हे तुला कळलं कसं?"

आप्पा दहा पावलांवर उपरण्याची घडी घालत होते. मी म्हणालो, "साहेब, उन्हाची पारख आहे मला. पहिल्यापासून." 'पारख' हा शब्दसुद्धा मी त्यांचाच उचलला होता.

निघताना आप्पा भेटले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "पाव्हणं, ते ऊन त्या पेटीत ऱ्हातंय का? का विटून जातंय?"

"राहतं, आप्पा."

"मग एकदा दाखवा. मला बगायचंय, माझ्या डोळ्याला दिसलं तसंच आलं का. दुसरं काई नगं."

मी शब्द दिला.

चित्रपट चालला. लोक ते दृश्य बघायला पुन्हा पुन्हा येत. कंपनीत माझं नाव 'उन्हाचा माणूस' पडलं. मी तिसऱ्याचा पहिला मदतनीस झालो, माझ्या हातातली काळी काच दुसऱ्याच्या हातात गेली, आणि दिग्दर्शक मोठं चित्रण ठरवायच्या आधी मला विचारू लागले. मी काय करावं? मी अक्काला पत्र टाकी : आप्पांना विचार, डोंगरावर सकाळी किती वाजता बरं? आप्पांचं उत्तर तिच्या अक्षरात येई : "तो डोंगर मी पाहिला नाही. पण मेंढरं कोणत्या कुशीला बसतात ते बघा, तिकडे ऊन आधी येतं." मी बघे, आणि माझं नाव आणखी मोठं होई. आणि तो चित्रपट जेव्हा फिरत्या तंबूतून परभणीला आला, तेव्हा मी अक्काला लिहिलं, की फीत फार झिजलेली आहे, आप्पांना नेऊ नकोस, डोळ्यांना त्रास होईल. खरं कारण असं, की परभणीच्या तंबूत कंपनीची माणसं असणार होती आणि आप्पा मोठ्याने बोलत. हे वाक्य लिहायला मला आज जितका वेळ लागला तितका ते पत्र लिहायला लागला नव्हता.

अशी आठ वर्षं गेली. मग अक्काचं पत्र आलं : मामंजींच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पूर्ण उतरला आहे, उजव्यात उतरू लागला आहे, जिनिंगने त्यांना घरी बसवलं आहे, रोज विचारतात, पाव्हण्यांनी ते ऊन कधी दाखवायचं म्हटलं होतं?

मी त्याच दिवशी रजा टाकली. निजामाचं राज्य जायला तेव्हा दोनेक वर्षं होती, म्हणजे ते जाईल असं कुणाला वाटतही नव्हतं. एका तंबूवाल्याकडे ती फीत मिळाली. त्याचं यंत्र आणि इंजिन बैलगाडीत घालून मी गंगाखेडला आलो. तंबूचा खेळ अंधार पडल्यावर होतो, आणि दिवस मावळेपर्यंत आप्पांचा उजवा डोळाही थकून पाणी गाळू लागे. दुपारी दाखवायचं, तर अंधार आणायचा कुठून? आप्पा म्हणाले, "जिनिंगचं गोदाम." मालकांनी किल्ली दिली. मग ज्या माणसाने जन्मभर उजेड वेचला होता, त्याने दोन दिवस उजेड बाहेर ठेवायचं काम केलं. गोदामाच्या पत्र्याला कुठे किती भोकं, ती कोणत्या वाजता उघडी पडतात, हे त्यांना पाठ होतं. काठी हलवत ते सांगत, हमाल शिडीवर चढून भोकात कापूस कोंबत. तंबूवाल्याचा पडदा त्यांनी नापास केला. "हा पिवळा हाय. ह्याच्यावर खरं ऊन बी खोटं दिसंल." अक्काने नवंकोरं मांजरपाट आणून दोन पट्टे शिवले.

त्या दुपारी गोदाम भरलं. हमाल, वाणी, बायका, शेतावरची माणसं. तो धनगर घोंगडीसकट पुढे. जमादार आता नोकरीतून निवृत्त झाला होता, त्याला खुर्ची. चित्रपट चालू झाला. मग ते दृश्य आलं. आप्पा उठले आणि पडद्यापाशी गेले. यंत्राच्या उजेडाच्या वाटेत येऊ नये हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते एका कडेला उभे राहिले, हातभर अंतरावर, उजवा डोळा पुढे करून. राणी चालली. ती वळली. आप्पांनी डावा तळहात पुढे केला आणि चित्राच्या कडेवर धरला. त्या वाळूचा उजेड त्यांच्या तळहातावर पडला. त्यांनी तो कापूस पाहावा तसा पाहिला, हात जरा वाकडा करून, पुन्हा सरळ करून.

"खरं हाय," आप्पा म्हणाले. "विटलं न्हाई."

आणि मेंढरं आली. मग जो गोंधळ झाला तसा मी कुठल्याही थिएटरात ऐकला नाही. धनगर घोंगडी टाकून उभा राहिला, "माझी मेंढरं! ती बगा काळ्या कानाची! ती मेली परवाच्या साली, अन् हितं चालायलीय!" जमादार खुर्चीवर चढला, "इजाजत मैं दिया था! तीन दिन का परवाना, मेरे हाथ का!" हमाल ओरडत होते, की नदी आमची; मालक म्हणत होते, की गोदाम माझं. सगळं गाव त्या दृश्यात आपापला वाटा मागत होतं आणि सगळ्यांना तो मिळत होता. पुन्हा लावा, पुन्हा लावा, असं करत ते दृश्य चार वेळा झालं. वाटा मागितला नाही तो एकट्या आप्पांनी. ते पडद्याशेजारी उभे राहून लहान मुलासारखे हसत होते.

आप्पा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अक्काच्या घरी तो चिडलेल्या अकरा माणसांचा फोटो आहे. ते मांजरपाटाचे दोन पट्टे तिने पुढे गोधडीला लावले, म्हणजे ते ऊन कुणाच्या तरी अंगावर अजून असेल. मी चित्रपट सोडला आहे. सकाळी अंगणात जातो, सूर्याकडे बघतो, पण मला त्याची चूक काढता येत नाही.

त्या दुपारचं शेवटचं तेवढं सांगायचं राहिलं. चौथ्या वेळी दृश्य लागलं तेव्हा मी अंधारात आप्पांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. अंधारात बोलायला सोपं जातं. मी म्हणालो, "आप्पा, मला एक सांगायचं आहे."

त्यांनी माझ्या आवाजावरून काय ओळखलं कुणास ठाऊक. "हितं नगं," ते म्हणाले. माझं मनगट धरून त्यांनी मला त्या गर्दीतून, गोदामाच्या दारातून बाहेर काढलं आणि उत्तरेच्या पडवीत आणलं. चार वाजले होते. त्यांनी मला खांद्याला धरून अर्धवट वळवलं, जसा कापूस वळवतात, आणि उजवा डोळा माझ्या तोंडाजवळ आणला.

"हां. हितं उजेड बरा हाय," ते म्हणाले. "बोला आता."

मी म्हणालो, "आप्पा, ते ऊन तुमचं होतं. मी सगळ्यांना माझं म्हणून सांगितलं. आणि तुम्ही कोण, असं विचारलं तेव्हा गावातले कुणीतरी म्हणालो. मला माफ करा."